वैतरणा ओलांडायला गाय नको, पूल हवा

वैतरणा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मेल्यानंतरची नदी आठवते. गरुडपुराणातली वैतरणी. रक्ताने आणि पुवाने भरलेली, यमाच्या वाटेवर आडवी येणारी. ती पार करायची असेल तर ब्राह्मणाला गाय दान द्या, म्हणजे मेल्यावर तिचं शेपूट धरून पलीकडे जाल. गाय परवडत नसेल तर गायीच्या नावाने दक्षिणा द्या. आधी कुणीही न पाहिलेल्या नदीची भीती घालायची आणि मग त्या नदीवरचा उतारा विकायचा. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा टोलनाका आहे आणि त्याची पावती कुणी मागत नाही.

मित्रांनो, मला आज त्या नदीबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचंय ते पालघर जिल्ह्यातल्या खऱ्याखुऱ्या वैतरणेबद्दल आणि तिच्या पात्रात वसलेल्या वाढीव नावाच्या एका छोट्या गावाबद्दल. मेलेल्यांना वैतरणा पार करून देण्याचं सगळं शास्त्र या देशात तयार आहे. जिवंत माणसाला ती सुखरूप पार करता यावी, एवढी साधी गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. हे निसर्गामुळे घडलं असं सांगितलं जातं. माझं म्हणणं आहे की हे निसर्गाने केलेलं नाही. हे माणसांनी केलेलं आहे, आणि ते कसं केलं हे गावाचा इतिहास-भूगोल नीट वाचला तर स्पष्ट दिसतं.

आधी भूगोल. वैतरणा नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकच्या डोंगररांगेत उगम पावते. गोदावरीही तिथलीच. गोदावरी पूर्वेला गेली, वैतरणा पश्चिमेला. सह्याद्री उतरून ती खाली येते, पिंजाळ, देहर्जा, सूर्या या नद्यांचं पाणी घेते, खाडीजवळ तानसा तिला मिळते आणि दातिवरे आणि अर्नाळा यांच्या मधून ती समुद्राला जाते. समुद्राच्या अलीकडे तिचं पात्र रुंद होतं. भरतीचं पाणी आत शिरतं, नदी खारी होते, गाळ बसतो आणि पात्रात बेटं तयार होतात. वाढीव आणि वैतीपाडा ही वस्ती अशाच एका बेटावर आहे. तालुका पालघर. एका बाजूला वैतरणा स्टेशन, दुसऱ्या बाजूला सफाळे. बेटाच्या दोन्ही अंगांना पाणी आणि त्या पाण्यावर पश्चिम रेल्वेचे दोन पूल, क्रमांक 92 आणि 93. गाडी बेटावरून जाते, पण बेटावर थांबत नाही.

वैतीपाडा हे नावच इतिहास सांगतं. वैती म्हणजे खाडीवर, होडीवर, जाळ्यावर जगणारा समाज. ही माणसं कुणी टाकून दिली म्हणून इथे आली नाहीत. ज्या काळात नदी हाच रस्ता होता, त्या काळात बेटावर राहणं म्हणजे हमरस्त्यावर राहणं होतं. मासे दारात, होडी दारात, बाजाराला जायला भरती-ओहोटीचं वेळापत्रक. तेव्हा हे गाव आडवळणाचं नव्हतं. ते आडवळणाचं झालं, कारण रस्ता नदीवरून उचलून रुळांवर ठेवला गेला आणि गावाला त्या रुळांवर जागा दिली गेली नाही.

माझा आणि या गावाचा संबंध तसा काहीच नव्हता. माझे वडील ऐंशीच्या दशकात जालन्याकडून बोईसरला आले. तारापूर एमआयडीसीत काम होतं, गावाकडे दुष्काळ आणि जात दोन्ही होतं. बोईसरच्या वस्तीत आमच्यासारखी मराठवाड्या-विदर्भातून आलेली कितीतरी घरं. बुद्धविहार, जयंती, रविवारचा अभ्यास वर्ग, या सगळ्यात मी वाढलो. पुढे मुंबईला नोकरी लागली आणि वैतरणा रोज दोनदा ओलांडू लागलो. बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे आणि मग गाडीचा आवाज बदलतो. खाली लोखंड आणि पाणी असलं की चाकांचा आवाज पोकळ होतो. डब्यातली निम्मी माणसं झोपेतही ओळखतात की वैतरणा आली. काहीजण हात जोडतात, काहीजण खिशातून नाणं काढून टाकतात. कुणी घरून आणलेली निर्माल्याची पिशवी दारातून भिरकावतो. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. त्या पुलाच्या कडेने माणसं चालत असतात, हेही पाहिलं. पण ती कोण आणि कुठे चालली आहेत, हे डब्यात कुणी कुणाला विचारत नाही.

मला ते कळलं एका सहकाऱ्यामुळे. आमच्याच कामावरचा, वाढीवचा. एकदा त्याच्या घरी कार्यक्रम होता, त्याने आग्रहाने बोलावलं. वैतरणा स्टेशनवर उतरलो तर तो म्हणाला, "चला दादा, आता पायी." मला वाटलं कुठेतरी होडी असेल. तो फलाटाच्या टोकाला गेला, खाली उतरला आणि रुळांच्या कडेने चालू लागला. पुलावर आलो तेव्हा त्याने तीनच गोष्टी सांगितल्या. कानाला काही लावायचं नाही. मागे-पुढे दोन्हीकडे बघत राहायचं. आणि गाडी आली की पळायचं नाही, कडेला उभं राहायला थोडी जागा असते तिथे जायचं, पकडून उभं राहायचं आणि तोंड फिरवायचं. तोंड का फिरवायचं, असं मी विचारलं. म्हणाला, "गाडीतून काय येईल सांगता येत नाही."

एक गाडी आली. लांब पल्ल्याची, वेगात. पूल पायाखाली थरथरतो, वारा अंगावरचा शर्ट ओढतो. माझ्या सहकाऱ्याच्या मागे पिशव्या घेतलेली एक मावशी होती. ती पदर घट्ट धरून शांतपणे उभी होती, जशी आपण बसस्टॉपवर उभी असतो. गाडी गेल्यावर माझा चेहरा पाहून ती हसली. "पहिल्यांदा आलास ना बाळा? होते सवय." मला त्या पुलापेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली. माणसाला मरणाची सवय लागते, तेव्हा त्याच्यासाठी पूल बांधायची कुणाला घाई उरत नाही.

गाडीतून काय येतं याचा अर्थ ज्यांना कळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीत पाणजू नावाचं असंच एक बेट आहे. तिथली माणसंही रेल्वेपुलावरून चालतात. 2025 च्या सप्टेंबरात तिथला एक तरुण पुलावरून चालला होता. धावत्या गाडीतून कुणीतरी खाडीत टाकण्यासाठी नारळ फेकला, तो त्याच्या डोक्याला लागला आणि तो पोरगा गेला. फेकणाऱ्याच्या लेखी ते पुण्यकर्म होतं. पाण्याला देव मानायचं आणि पाण्याकाठच्या माणसाकडे बघायचंही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या धर्मातून बाहेर काढलं, त्याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आता इतिहास. मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी गुजरातकडून रूळ टाकत आली आणि नोव्हेंबर 1864 मध्ये तिची गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. म्हणजे वैतरणेवर रेल्वेचा पूल होऊन 160 वर्षं उलटली. कशासाठी होता तो पूल? त्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळत नव्हता, मुंबईतून कापसाची निर्यात जोरात होती. गुजरातचा कापूस बंदरावर आणण्यासाठी रूळ हवे होते. बेटावरची माणसं त्या हिशेबात नव्हती. इंग्रज कंपनीकडून वेगळी अपेक्षाही नव्हती.

पण इंग्रज जाऊन किती वर्षं झाली? या काळात पूल नवे झाले, मार्ग वाढले. 16 एप्रिल 2013 ला लोकल डहाणूपर्यंत आली, आम्ही बोईसरकरांनी तिचं हारतुऱ्याने स्वागत केलं. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला. आता विरार-डहाणू तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, त्यासाठी वैतरणेवर वेगळे पूल. मालगाड्यांसाठी समर्पित मार्ग, त्याचा वेगळा पूल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, तिचा वैतरणेवरचा पूल सव्वादोन किलोमीटरच्या पुढे, त्या प्रकल्पातल्या नदीपुलांमध्ये सर्वांत लांब. म्हणजे या नदीवर पूल बांधायला तंत्रज्ञान आहे, पैसा आहे, अभियंते आहेत, गाळात खांब रोवायची यंत्रं आहेत. कापसासाठी पूल झाला, कंटेनरसाठी झाला, साबरमतीला दोन-तीन तासांत जाणाऱ्यासाठीही होतो आहे. भाजीची पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या मावशीसाठी होत नाही. याला भूगोल म्हणायचं का?

खाडीच्या तोंडाशी आणखी एक गंमत पाहा. एप्रिल 2025 मध्ये विरार आणि जलसार यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. मोटार बोटीत चढवायची, पंधरा-वीस मिनिटांत वैतरणा खाडी पार. चांगली सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्याच नदीवर खालच्या अंगाला मोटारी आरामात तरंगत जातात आणि वरच्या अंगाला माणसं जीव मुठीत धरून रुळांच्या कडेने चालतात, हे दृश्य एकाच जिल्ह्यातलं आहे.

आणि कायदा काय म्हणतो? रेल्वे अधिनियम 1989, कलम 147. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे वाढीवचा माणूस कामावर जाताना गुन्हेगार, परत येताना गुन्हेगार, आजारी आईला डॉक्टरकडे नेताना गुन्हेगार. त्या पुलावर तो गाडीखाली आला तर कागदावर चूक त्याचीच. ज्याला वाट दिली नाही, त्यालाच वाट चुकल्याची शिक्षा. ही भाषा आपल्या ओळखीची नाही का? सार्वजनिक तळ्याचं पाणी आपल्याला बंद होतं आणि ते प्यायलो तर तळं बाटवल्याचा आरोप आपल्यावरच होता. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हतं. जे सगळ्यांचं आहे त्यात मीही आहे, हे सांगण्यासाठी होतं.

कुणी म्हणेल, बेटावरच्या मूठभर लोकांसाठी सरकारने किती खर्च करायचा? या प्रश्नाचं उत्तर जर्मनीतल्या काही इवल्याशा गावांनी दिलेलं आहे. जर्मनीच्या उत्तरेला, श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात, समुद्रात हालिग नावाची सपाट बेटं आहेत. त्यांना पूर्ण बांधबंदिस्ती नाही. मोठ्या भरतीला सगळी जमीन पाण्याखाली जाते आणि मातीच्या उंच ढिगाऱ्यांवर बांधलेली घरं तेवढी वर राहतात. लँगेनेस या हालिगवर शंभरच्या आसपास माणसं राहतात, शेजारच्या ओलांडवर तर आणखी कमी. तरीही गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात तिथपर्यंत समुद्रातून अरुंद रूळ टाकले गेले. ते मुळात किनारा राखण्याच्या कामासाठी होते. पण रूळ आहेतच तर तिथल्या रहिवाशांना त्यावर आपली स्वतःची छोटी मोटारट्रॉली चालवायची मुभा दिली गेली. लोक किराणा आणायला, पाहुण्यांना घ्यायला त्याच ट्रॉलीने मुख्य भूमीवर जातात. नॉर्डस्ट्रांडिशमोर हे तर आणखी छोटं हालिग, वीस-पंचवीस माणसांचं. तिथेही असे रूळ आहेत आणि मोजक्या मुलांसाठी शाळा आहे.

जर्मनी श्रीमंत आहे, हे मला ठाऊक आहे. पण मुद्दा श्रीमंतीचा नाही. तिथे सरकारच्या कामासाठी रूळ पडले आणि गावाला त्यांचा वापर मिळाला. इथे रूळ पडले आणि गावाला त्यांचा धोका मिळाला. फरक आहे तो शंभर माणसांना माणसं म्हणून मोजण्यात. आपल्याकडे गावाचं नावच वाढीव. आपल्या बोलीत वाढीव म्हणजे जास्तीचा, हिशेबाबाहेरचा. शासनाने ते नाव फारच मनावर घेतलेलं दिसतं. त्याच जिल्ह्यातलं वाढवण सगळ्या देशाला माहीत आहे, कारण तिथे 76 हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर व्हायचं आहे. दोन अक्षरांचा फरक. एका गावावर सत्तेचं एवढं लक्ष की तिथले मच्छीमार रात्रंदिवस लढत आहेत आणि दुसऱ्यावर एवढं दुर्लक्ष की एका पुलासाठी पिढ्या गेल्या. गावाकडे सत्ता कधी बघते? गावाकडून काही घ्यायचं असेल तेव्हा.

वैतरणेकडून काय काय घेतलं जातं तेही बघू. पाणी घेतलं जातं. मुंबईची तहान ज्या सात तलावांवर भागते त्यातले तीन या एकाच नदीवर आहेत. 1957 चं मोडकसागर, 1973 चं अप्पर वैतरणा आणि 2014 चं 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा. चौथा तलाव तानसा, तोही तिच्याच उपनदीवर, 1892 पासून. सूर्येचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला. धरणं ज्या डोंगरात आहेत तिथल्या मोखाडा-शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात आदिवासी बाया टँकरची वाट बघतात. नदीच्या खालच्या टोकाला वाढीवसारख्या गावांना चारी बाजूंनी पाणी, पण खारं.

मग वाळू घेतली जाते. वसई-विरारच्या टॉवरना वाळू लागते आणि ती सक्शन पंप लावून नदीच्या तळातून ओढली जाते. बेकायदा उपसा चालतो, धाडी पडतात, पंप तोडले जातात, पुन्हा नवे येतात. वैतरणेच्या पुलांच्या पायाला या उपशाचा धोका आहे, अशी तक्रार खुद्द रेल्वेने केलेली आहे. तळातली वाळू गेली की काठ आधार सोडतो आणि ढासळतो. मुख्य भूमीवर काठ ढासळला तर शेताचा एक बांध जातो. बेटाचा काठ ढासळला तर गावच लहान होतं. म्हणजे ज्याच्या नावात वाढ आहे ते गाव प्रत्यक्षात घटत चाललं आहे.

आता तुमच्यातले काहीजण विचारतील, आणि अभ्यास वर्गात एकाने मला हे विचारलंच, की दादा, या गावाचा आपल्या चळवळीशी काय संबंध? तिथे आपली वस्ती किती? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट देतो.

पहिलं उत्तर बाबासाहेबांचं आहे. अलिबागजवळच्या चरी गावात आणि आसपासच्या खारपट्ट्यात 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी संप केला. खोत-सावकारांची जमीन कसायची नाही, असं ठरवून माणसं उपाशी राहिली. नेतृत्व नारायण नागू पाटलांचं, लढणारे बहुतांश आगरी. 1934 च्या डिसेंबरात बाबासाहेब चरीच्या शेतकरी सभेला गेले. पुढे 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या रस्त्यावर उतरले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. आपली वस्ती किती, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला असता तर खोतीचा लढा झालाच नसता. आपल्याला फक्त आपल्या वस्तीपुरतं ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, याचा विचार करा.

दुसरं उत्तर. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर कठोर टीका केली, ती आपण सगळे सांगतो. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, हा त्यांचा आशय. मी त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. माझे वडील जालन्याहून निघाले ते त्यामुळेच. पण त्या टीकेचा अर्थ खेड्यातल्या माणसाला वाऱ्यावर सोडा असा कधीच नव्हता. त्याच भाषणात त्यांनी घटनेचा घटक म्हणून खेड्याऐवजी व्यक्ती घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. वाढीवला तोच निकष लावा. आम्ही गावाच्या परंपरेचं संवर्धन मागत नाही. पुलावरून चालणाऱ्या एकेका व्यक्तीचा जीव मागतो आहोत. आणि शहरात आलो म्हणून खेड्याशी संबंध संपला, असंही होत नाही. बोईसरची लोकल ज्या पुलावरून जाते तो पूल त्यांच्या दारात आहे.

तिसरं उत्तर आपल्या जुन्या वारशाचं आहे. वैतरणा स्टेशनच्या आधी विरार आणि त्याच्या आधी नालासोपारा. म्हणजे प्राचीन शूर्पारक, पुन्न स्थविरांची भूमी. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. आठवा शिलालेख कशाबद्दल आहे? पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला फिरायचे, अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली आणि त्यात जनपदातल्या, म्हणजे ग्रामीण भागातल्या, लोकांना भेटणं, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणं हे काम ठेवलं. सम्राट स्वतः गावात जात होता. हा दगड वैतरणेपासून दोन स्टेशनांवर सापडला. आपण नालासोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करायला जातो. तिथून दोन स्टेशनं पुढे जाऊन जनपदाला भेटायला काय हरकत आहे?

आणखी एक दाखला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात, म्हणजे लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तिथे, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्याने ते लेणं भिक्खू संघाला दिलं. त्या लेखात त्याच्या दानांची यादी आहे. तीन लाख गायी दान दिल्याचंही तो सांगतो, तेही लपवायचं कारण नाही. पण त्याच यादीत आणखी एक काम आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली. पारदा म्हणजे आजची पार नदी, दमणा म्हणजे दमणगंगा, डाहणुका म्हणजे आपल्या डहाणूची खाडी. वैतरणेचं नाव त्या यादीत नाही, पण ती याच पट्ट्यातली नदी. तीन लाख गायींचं पुण्य कुठे गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. नदीवर माणसाला फुकट आणि सुखरूप पार करणं हे राज्यकर्त्याचं काम आहे, ही समज मात्र त्या दगडावर आजही कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या क्षत्रपाला जे कळत होतं ते आजच्या लोकशाहीला कळू नये?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. नावातच बघा, जलमार्ग आणि नौकानयन. त्यांच्या दृष्टीने नदी म्हणजे फक्त धरण बांधून शहराला पाणी नेण्याची वस्तू नव्हती. नदी ही माणसांची वाटही होती. आपण त्यांचं जलधोरण जयंतीच्या भाषणात सांगतो. वाढीवच्या होडीपर्यंत ते पोहोचवायचं काम आपलं आहे.

आणि संविधान आहेच. हिमाचल प्रदेशातल्या डोंगरातल्या काही गावांचा रस्ता अर्धवट पडला होता. तिथल्या गरीब, बहुतांश दलित रहिवाशांनी उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1986 मध्ये उमेद राम शर्मा खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की डोंगरी भागातल्या माणसाला रस्ता मिळणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. एका पत्राने हे झालं. डोंगरातल्या माणसाला रस्ता हा जगण्याचा हक्क असेल, तर बेटावरच्या माणसाला पूल हाही जगण्याचाच हक्क आहे. हा युक्तिवाद वकील झालेल्या आपल्या पोरांनी हातात घ्यायला हवा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पालघर, बोईसर, विरार, नालासोपारा इथल्या आपल्या तरुणांनी वाढीवला जावं, पण फोटो काढायला आणि भाषण द्यायला नको. तिथल्या लोकांनी आजवर निवेदनं दिली आहेत, दारं ठोठावली आहेत. लढा त्यांचा आहे, आपण मागे उभं राहायचं. माहितीचा अधिकार कायदा 2005 आपल्या हातात आहे. पूल क्रमांक 92 आणि 93 वर आजवर किती माणसं दगावली, त्यांच्या वारसांना काय मिळालं, पादचारी पुलाबद्दल कोणत्या कचेरीत कोणती फाइल कधीपासून पडून आहे, हे लेखी मागा. ग्रामसभेत ठराव व्हावा यासाठी गावकऱ्यांना कागदपत्रांची मदत करा. पादचारी पूल होईपर्यंत लाइफ जॅकेटसह, ठरलेल्या वेळेची, फुकट होडी मिळावी ही मागणी जिल्हा प्रशासनाकडे लावून धरा. आणि लोकलच्या डब्यात कुणी निर्माल्याची पिशवी फेकायला हात उचलला तर तो हात तिथेच थांबवा. प्रबोधनासाठी व्यासपीठच लागतं असं नाही, डहाणू लोकलचा दरवाजा पुरेसा आहे.

आणखी एक काम करा. गावाचा इतिहास-भूगोल लिहा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंग्रजांनी 1882 मध्ये काढलं. त्यात नद्या आहेत, बंदरं आहेत, जाती आहेत, महसूल आहे. ते राज्य करणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिलेलं होतं. बेटावरच्या म्हाताऱ्यांना विचारून, जुना काठ कुठे होता, होडी कुठे लागायची, पुलावर कोण कोण गेलं, कोणत्या साली किती जमीन ढासळली, याची वही आपण लिहू. कारण ज्या गावाची नोंद नसते ते गाव हलवायला, बुडवायला, विसरायला सोपं जातं. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, त्या गावांची किती आठवण आज बोईसरच्या पोरांना आहे?

रविवारच्या वर्गात पुढचा विषय मी हाच ठेवला आहे. ज्यांना यायचं त्यांनी वैतरणा स्टेशनला सकाळी आठला भेटा. पुलावरून जायचं नाही, होडी मिळाली तर होडीने जाऊ, नाही मिळाली तर स्टेशनवर बसून तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलू. वही-पेन आणा.

मेल्यावरच्या वैतरणेची काळजी ज्यांना करायची त्यांना करू द्या. आपण जिवंतांच्या वैतरणेचं बघू.

जय भीम!